अम्मा सिंक्लेटिकेचा एकांत



आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, एकटेपण आणि एकांत. दोन्ही ठिकाणी माणूस एकटंच असतं, पण अर्थ किती वेगळा! एकटेपण आपल्यावर येतं. एकांत आपण मागून घेतो. पुरुषानं एकांत मागितला तर त्याला कुणी काही विचारत नाही. तो पारावर बसतो, वावरात जाऊन धुऱ्यावर बसतो, देवळात डोळे मिटून बसतो. बाई मात्र भर दुपारी काही काम हातात न घेता अर्धा तास एका जागी बसली, की घरातलं प्रत्येक माणूस येऊन विचारून जातं. बरं नाही का? कुणी काही बोललं का? माहेरची आठवण येते का? एखादी तर सरळ म्हणते, हिला काही बाहेरचं झालं नाही ना, पाहून घ्या.

आज मी ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे तिनं सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी एकांत मागितला आणि मिळवला. ती इजिप्त देशातली. तिचं नाव सिंक्लेटिका. नाव जिभेवर बसायला जरा वेळ लागेल, पण त्या काळी तिकडं तपस्वी बाईला ज्या शब्दानं हाक मारत तो शब्द आपल्या ओळखीचा आहे. तो शब्द म्हणजे अम्मा. अम्मा म्हणजे आई. तपस्वी पुरुषांना अब्बा म्हणत. ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या शतकांतल्या संतांमध्ये तिची गणना होते आणि ५ जानेवारीला काही ख्रिस्ती मंडळींमध्ये तिचा स्मरणदिन पाळतात.

आधी तो मुलूख डोळ्यांसमोर आणा. आज इजिप्त आपल्यासारखाच कापसासाठी नावाजलेला आहे. मधून नाईल नदी वाहते. नदीच्या दोन्ही काठांना काळी सुपीक माती, गव्हाची वावरं, गावं, गर्दी. ती हिरवी पट्टी संपली की लगेच वाळवंट लागतं. आपल्या वरवट बकालहून उत्तरेला पाहिलं की कापसा-तुरीच्या वावरांमागं सातपुडा उभा दिसतो ना, तसं तिथल्या माणसाला शेताच्या कडेवरून वाळवंट दिसायचं. संसार इकडं, रान तिकडं, मध्ये फारसं अंतर नाही. इसवी सन ३०० च्या आगेमागे या रानाकडं माणसं जाऊ लागली. कुणी गुहेत राहिलं, कुणी पडक्या गढीत, कुणी जुन्या थडग्यांच्या खोल्यांत. ती माणसं प्रार्थना करत आणि हातानं काम करत. ताडाच्या पानांच्या दोऱ्या वळायच्या, टोपल्या आणि चटया विणायच्या, त्या विकून भाकरी मिळवायची. एकांतात बसले म्हणजे हात रिकामे बसले असं नव्हतं.

या सगळ्यांत सर्वांत गाजलेलं नाव अंतोनीचं. त्याचा जन्म सुमारे २५१ सालचा. आईबाप लवकर गेले तेव्हा तो अठरा-वीस वर्षांचा होता. घरची चांगली शेती, आपल्या हिशेबानं दोनशे एकरांच्या आसपास, आणि मागं एक लहान बहीण. एके दिवशी प्रार्थनामंदिरात त्यानं येशूची शिकवण ऐकली, की पूर्ण व्हायचं असेल तर आहे ते विकून गरिबांना दे. त्यानं जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली. बहिणीसाठी थोडं बाजूला ठेवलं होतं, पुढं तेही दिलं आणि बहिणीला व्रतस्थ बायकांच्या हवाली केलं. मग तो रानात गेला. एका ओसाड गढीत त्यानं जवळजवळ वीस वर्षं काढली. ३५६ साली, वयाच्या एकशे पाचव्या वर्षी तो गेला असं सांगतात. अलेक्झांड्रिया शहराचे धर्मगुरू अथनेशियस यांनी त्याचं चरित्र लिहिलं आणि ते दूरदूर वाचलं गेलं.

त्या चरित्रात बहिणीचं नाव नाही. भावाच्या एकांताची व्यवस्था झाली, त्यासाठी बहिणीची व्यवस्था आधी करावी लागली, आणि तिला काय हवं होतं हे कुणी विचारल्याची नोंद नाही. मला हे वाचताना फार खटकलं. पण पुढं एका ठिकाणी तिचा पुन्हा उल्लेख येतो. म्हातारपणी अंतोनी तिला भेटतो, तेव्हा ती स्वतः बऱ्याच व्रतस्थ बायकांना वाट दाखवणारी झालेली असते. म्हणजे भाऊ वाळवंटात गाजत होता तेव्हा ही बिननावाची बहीण आपल्या पद्धतीनं तेवढीच पुढं गेली होती. तिच्यावर कुणी पुस्तक लिहिलं नाही, एवढंच.

आता सिंक्लेटिकेकडं येऊ. ती अलेक्झांड्रियाची. हे समुद्रकाठचं मोठं बंदर, त्या काळच्या जगातलं श्रीमंत शहर. तिचे आईवडील मूळ मॅसिडोनियाकडचे, पैसेवाले आणि भाविक. चार लेकरं. एक मुलगा लहानपणीच गेला. दुसरा लग्न ठरल्यावर, ऐन लग्नाच्या तोंडावर गेला. राहिल्या दोन मुली, सिंक्लेटिका आणि तिची आंधळी बहीण. मुलगी देखणी, घरात पैसा, वारस दुसरा नाही. मागण्या किती आल्या असतील ते तुम्ही ओळखा. आईवडिलांनीही आग्रह धरला. ती नाही म्हणाली आणि नाहीवर राहिली. घरातच तिनं साधं राहणं, उपास, प्रार्थना सुरू केली.

आईवडील गेल्यावर तिनं मालमत्ता विकून गरिबांना वाटली. मग धर्मगुरूला बोलावून स्वतःचे केस कापून घेतले. इथं जरा थांबू या. केस कापणं म्हटलं की आपल्या मनात दुसरंच चित्र येतं. आपल्याकडं नवरा मेल्यावर काही जातींत बाईचं डोकं सक्तीनं भादरत. १८९० साली मुंबईत न्हावी मंडळींनीच विधवांचे केस कापायला नकार दिला, नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यांना संघटित केलं, हा इतिहास तुमच्यातल्या काही जणींना ठाऊक असेल. कृती एकच. एका ठिकाणी चार माणसं बाईला धरून बसवतात आणि तिला सांगतात की तुझं जगणं आता संपलं. दुसऱ्या ठिकाणी बाई स्वतः सांगते की माझी सजावट संपली, माझं जगणं आता सुरू होतं. म्हणून बाहेरून पाहून एकांत आणि एकटेपण ओळखता येत नाही. तो निर्णय कुणाचा, हे पाहावं लागतं.

केस कापल्यावर ती शहराबाहेर गेली आणि एका नातेवाइकाच्या कुटुंबाच्या थडग्यात राहू लागली. ऐकून अंगावर काटा येईल, पण तिकडची श्रीमंत घरांची थडगी म्हणजे दगडी खोल्याच असत, आत शिरायला वाट, डोक्यावर छत. गावाला लागून असूनही तिथं कुणी फिरकत नसे. एकट्या बाईला आणखी कुठं जागा मिळणार होती? पुरुषाला सगळं वाळवंट मोकळं होतं. बाईला आपल्याच नात्यातल्या मेलेल्या माणसांचा आसरा घ्यावा लागला.

ती एकटी गेली नाही, आंधळ्या बहिणीला सोबत घेऊन गेली. अंतोनीनं बहिणीला दुसऱ्यांवर सोपवून एकांत मिळवला. सिंक्लेटिकेनं बहिणीचा हात धरून एकांतात पाऊल टाकलं. रोज त्या बहिणीला न्हाऊ घालायचं, खाऊ घालायचं, बाहेर न्यायचं. त्याचे तपशील चरित्रात दिलेले नाहीत, पण आंधळं माणूस घरात असलं की काय काय करावं लागतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. हे सगळं करून जो वेळ उरला तो तिचा एकांत. त्यामुळं ती मला अंतोनीपेक्षा जवळची वाटते.

हळूहळू शहरातल्या बायका तिच्याकडं येऊ लागल्या. ती पहिल्यांदा बोलायला तयार होईना. त्या जाईनात. मग ती बोलू लागली. तिचं बोलणं पुढं इतर तपस्व्यांच्या वचनांबरोबर जपलं गेलं. त्या वचनसंग्रहांत शंभरावर पुरुष आहेत आणि बायका अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या: थिओडोरा, सारा, सिंक्लेटिका. साराबद्दल सांगतात की ती नाईलच्या काठावर साठ वर्षं राहिली. दोन म्हातारे तपस्वी तिच्याकडं तिला जरा खाली दाखवावं म्हणून आले, की बघ, आम्ही पुरुष असून तुझ्यासारख्या बाईकडं आलो, तर गर्व करू नकोस. तिनं शांतपणे उत्तर दिलं, की देहानं मी बाई असेन, माझ्या विचारानं नाही. पुढं काय झालं ते कुणी लिहिलं नाही. गप्प बसले असावेत.

सिंक्लेटिकेच्या बोलण्यातले दाखले ऐकले तर वाटतं ही बाई आपल्याच आळीतली. ती सांगते, देवाकडं वळणं म्हणजे चूल पेटवण्यासारखं आहे. पहिल्यांदा धूर होतो, डोळ्यांतून पाणी येतं, मगच जाळ धरतो. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाट्यांवर जिनं चूल पेटवली आहे तिला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. पहिल्यांदा डोळे मिटून शांत बसाल तेव्हा शांती मिळणार नाही. आधी सासूचे शब्द आठवतील, गटाचा हप्ता आठवेल, पोराची फी आठवेल, वीस वर्षांपूर्वीचा अपमान वर येईल. तो धूर. बहुतेक जणी धुराला भिऊन उठून जातात आणि म्हणतात, आपल्याला नाही जमत बाई.

दुसरा दाखला धुण्याचा. दणकट लुगडं तुडवून, पिळून स्वच्छ होतं, तसं आपण होऊन पत्करलेल्या गरिबीनं मन स्वच्छ होतं असं ती म्हणते. आपण होऊन पत्करलेली, हे विसरू नका. ही श्रीमंत घरची मुलगी होती, तिनं गरिबी निवडली. नापिकीनं जी गरिबी दारात येऊन बसते तिच्याबद्दल ती हे बोलत नव्हती. संतांची वचनं गरिबाला गप्प बसवायला फार वापरली जातात, म्हणून हे स्पष्ट सांगते.

तिसरा दाखला कोंबडीचा. अंड्यांवर बसलेली कोंबडी सारखी उठून गेली तर पिल्लं निघत नाहीत, तसं व्रत घेतलेल्यानं सारखी जागा बदलली तर त्याची श्रद्धा गार पडते. हा दाखला तिनं मठात राहणाऱ्यांसाठी दिला होता. सासरी मार खाणाऱ्या बाईला घरात बसवून ठेवण्यासाठी तो नाही. ज्या घरट्यात साप आहे तिथं कोंबडीही बसत नाही.

आणि उपासाबद्दल. तपस्वी असूनही ती सांगते की उपासाला माप पाहिजे. मापाबाहेरचं तप माणसाचं वाटोळं करतं, आणि आजारी माणसाला उपास जमला नाही तर त्यानं वाईट वाटून घेऊ नये, कारण आजार सोसणं हेही तपच आहे. आपल्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरून रक्त कमी झालेल्या किती बाया आहेत! आशाताई सांगून थकल्या. त्यांचं ऐकलं जात नसेल तर या अम्माचं तरी ऐका.

पण तिचं मला सर्वांत मोठं वाटणारं सांगणं वेगळंच आहे. ते माझ्या शब्दांत असं: डोंगरावर जाऊनही माणूस मनात बाजार घेऊन बसू शकतं, आणि बाजारात उभं राहूनही माणूस आत एकटं, शांत असू शकतं. थडग्यात जाऊन राहिलेल्या बाईनं हे सांगितलं. आपल्या भागातून शेगावला पायी जाणाऱ्या बायांच्या घोळक्यात एखादी अशी पाहायला मिळते. सगळ्या गात असतात, हीही गात असते, पण ती दुसरीकडंच कुठं असते. तिला त्या चालण्यात आपला वेळ सापडलेला असतो. पायात चप्पल नाही, डोक्यावर ऊन, आणि चेहऱ्यावर वर्षात कधी न दिसणारं निवांतपण.

आता एक प्रश्न तुम्ही विचाराल. हे सगळं तिकडचं, ख्रिस्ती लोकांचं. आपल्याकडं असं कुणी होतं का? होतं, आणि फार दूर नाही.

सातपुड्याच्याच रांगेत, अमरावती जिल्ह्याच्या मध्य प्रदेशाला लागलेल्या टोकावर साळबर्डी आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी कुणी शिष्य नसताना एकटे फिरत होते, तेव्हा ते साळबर्डीला गेले. तिथं त्यांना मुक्ताबाई नावाची डोंगरात एकटी तप करणारी बाई भेटली. ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताबाई वेगळी, ही तिच्याआधीची. ‘लीळाचरित्र’ हा चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ म्हाइंभटांनी सुमारे १२७८ साली लोकांना विचारून विचारून तयार केला. मराठी गद्यातला हा सुरुवातीचा मोठा ग्रंथ. त्याच्या पहिल्या भागाचं नावच ‘एकांक’, म्हणजे स्वामी एकटे असतानाच्या गोष्टी. त्यात ही मुक्ताबाई आहे. इजिप्तच्या मरिया नावाच्या संत बाईची अशीच कथा सांगतात. ती कित्येक वर्षं वाळवंटात एकटी राहिली आणि झोसिमस नावाच्या साधूला ती शेवटी दिसली. दोन्हीकडं रानातल्या बाईची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती रस्त्यानं जाणारा पुरुष तिला भेटला म्हणून. जिला कुणीच भेटलं नाही अशा किती असतील?

चक्रधर आपल्या जिल्ह्यात लोणारला आणि मेहकरलाही आले होते, त्याच्याही लीळा आहेत. त्यांनी अनुयायांना जी शिस्त दिली तिच्यात अटन आणि विजन हे दोन शब्द फार येतात. अटन म्हणजे फिरणं, विजन म्हणजे माणसांपासून दूर निवांत जागी बसून देवाचं स्मरण करणं. भिक्षेसाठी गावात यायचं, पुन्हा झाडाखाली जायचं. सिंक्लेटिका म्हणते एका जागी बस, चक्रधर म्हणतात कुठल्याच जागेत गुंतू नकोस. दोघांचं पटलं नसतं! पण रोजच्या दिवसातला काही वेळ माणसांपासून वेगळा काढायचा, हे दोघांकडं सारखंच आहे. आणि चक्रधरांनी ही शिस्त बायकांनाही दिली. बाईला मोक्षाचा अधिकार नाही असं मानणाऱ्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

त्या बायकांत महदाइसा होती. बालविधवा. त्या काळच्या रीतीनं तिच्या वाट्याला घरातला अंधारा कोपराच यायचा होता. ती तिथून उठली आणि चक्रधरांकडं गेली. त्यांना ती सारखे प्रश्न विचारायची, लीळाचरित्रात तिचे प्रश्न जागोजागी आहेत. चक्रधर गेल्यावर ती इतर बायकांबरोबर अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. तिथं तिनं रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिचं नाव घेतो. लग्नघरात जिला पुढं येऊ दिलं नसतं त्या बाईनं लग्नाची गाणी रचली, आणि मराठी कवितेत बाईचा आवाज तिथून सुरू होतो. समाजानं दिलेलं एकटेपण तिनं टाकून दिलं आणि स्वतःचा एकांत घेतला. याच पंथाचे आचार्य नागदेव यांना एका शिष्यानं संस्कृतात लिहू का विचारलं, तेव्हा त्यांनी नको म्हटलं, कारण मग त्यांच्या म्हाताऱ्या बायांना ते कळलं नसतं. त्या म्हाताऱ्या बायांसाठी ग्रंथ मराठीत राहिले, आणि आज त्याच रिद्धपुरात मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतंय.

आपल्यातल्या बौद्ध भगिनींना थेरीगाथा ठाऊक असेल, बुद्धाच्या काळातल्या भिक्षुणींच्या रचना, त्यांतही झाडाखाली एकट्या बसून मन मोकळं झालेल्या बाया आहेत. मुस्लीम मैत्रिणींपैकी काही जणी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत घरातलाच एक कोपरा धरून एतेकाफला बसतात. त्या दहा दिवसांत स्वयंपाक घरातल्या इतर जणी सांभाळतात. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण माझं सगळं बोलणं तिथंच येऊन थांबतं. एकीला एकांत मिळतो तेव्हा दुसरी कुणीतरी चूल सांभाळत असते. सिंक्लेटिकेच्या थडग्याभोवती बायका होत्या. महदाइसा रिद्धपुरात बायकांच्या मेळ्यात होती. अंतोनीच्या बहिणीलाही बायकांनीच वाढवलं. बायांच्या सोबतीशिवाय बाईला एकांत मिळालेला इतिहासात फार क्वचित दिसतो.

आपल्या आज्या-पणज्यांना हा एकांत कुठं मिळायचा? जात्यावर. पहाटे, घर झोपलेलं असताना. दळण म्हणजे कष्टच, त्याचं गोडवं गायला नको, खांदे भरून यायचे. पण त्या तासात बाईला कुणी हाक मारत नसे. ती आईला आठवायची, भावाला आठवायची, सीतेचा वनवास गायची आणि त्यात स्वतःचा वनवास सांगून मोकळी व्हायची. जात्याचा आवाज चालू असला की घरच्यांना वाटायचं काम चालू आहे, आणि काम चालू असल्यामुळं गाण्यावर कुणी हरकत घेत नसे. हेमा राईरकर आणि गी पोएत्व्हँ या दोघांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. एक लाख! तेवढं बायांच्या मनात होतं. मग पिठाची गिरणी आली, खांदे वाचले, बरं झालं. पण तो तास कुठं गेला? तो टीव्हीत गेला, मोबाइलमध्ये गेला, नाहीतर दुसऱ्या कामात गेला. बाईच्या नावावर तो राहिला नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आपला बुलढाणा पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या जिल्ह्यांपैकी एक. आपल्या गटांत अशा बहिणी आहेत ज्यांचा नवरा एका रात्रीत गेला आणि मागं कर्ज, सातबारा आणि लेकरं राहिली. त्यांना कुणी एकांताचं महत्त्व सांगू नये. त्यांच्याकडं एकटेपण आहे, तेही भरपूर. दिवसभर माणसांत राहूनही हळदीकुंकवाला जिला बोलावणं येत नाही, तिचं ते एकटेपण देवानं दिलेलं नाही, आपण दिलेलं आहे. सिंक्लेटिकेचं नाव घेऊन हे झाकता येणार नाही. तिच्याकडं आलेल्या बायांत कोण विधवा होती, कोण सधवा, कोण दासी होती, कुणी विचारल्याचं लिहिलेलं नाही. त्या येत होत्या आणि बसत होत्या.

तिचं चरित्र लिहिणाऱ्याचं नाव जुन्या हस्तलिखितांत अथनेशियस असंच दिलेलं असतं, अंतोनीचं चरित्र लिहिणारे तेच. अभ्यासक आज सांगतात की ते त्यांचं नाही, नंतर कुणीतरी, बहुधा पाचव्या शतकात, लिहिलं. मोठ्या माणसाचं नाव लावलं की ग्रंथ टिकतो, म्हणून तसं करत. त्यामुळं त्यातली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घडली असं मी म्हणणार नाही. संतचरित्रात थोडी फुलं वाहिलेली असतातच. पण शेवटचा भाग इतका ओबडधोबड आणि इतका खरा वाटतो, की तो कुणी शोभेसाठी लिहिला असेल असं वाटत नाही.

ऐंशीच्या घरात असताना तिला आजारानं धरलं. आधी फुप्फुसं गेली. साडेतीन वर्षं ती त्रास सोसत होती. मग दाढेपासून जबडा सडत गेला, तोंडाला भोक पडलं, आणि जी बाई बोलून इतक्यांना धीर देत होती तिचा आवाजच गेला. दुर्गंधी एवढी होती की जवळ बसणं अवघड. बायका तरीही जात नव्हत्या. वैद्याला बोलावलं तेव्हा तिनं औषध नको म्हणून हातानं खुणावलं. वैद्यानं सांगितलं, हे औषध बरं करण्यासाठी नाही. मेलेल्या अंगाला जे सुवासिक लेप लावतात तेच आम्ही दारूत कालवून लावतोय, म्हणजे तुझ्याजवळ बसणाऱ्यांना बसवेल.

हे ऐकल्यावर तिनं लावू दिलं.